लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात : लष्करप्रमुख व्हायला हवे होते का?

कृष्णाकाठ:
१९६२ च्या चीन युद्धाचा विषय निघाला की नेहरू, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन, जनरल कौल एवढ्या तीन नावांवर गाडी अडते. शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे नाव आपल्या मराठी लोकांनासुद्धा नीट माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हा धागा काढतोय.

थोडक्यात ओळख. जन्म १९०६ चा, कोल्हापूरकडचे. सँडहर्स्टला गेले, १९२६ ला कमिशन. तेव्हा भारतीय पोरांना तिथे वर्षाला मोजून दहा जागा होत्या, आणि तिथून पास होऊन आलात तरी कुठल्याही पलटणीत जाता येत नव्हतं, फक्त आठ युनिटं भारतीय अधिकाऱ्यांसाठी ठरवून दिलेली होती, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याला भारतीयाच्या हाताखाली काम करायची वेळ येऊ नये अशी व्यवस्था. थोरात त्यातल्या १/१४ पंजाबमध्ये (१४ पंजाब रेजिमेंटची पहिली पलटण) गेले. पुढे पाकिस्तानचे अध्यक्ष झालेले अयुब खान पण याच पलटणीतले.

मग दुसरं महायुद्ध, ब्रह्मदेश. जानेवारी १९४५, आराकान किनाऱ्यावरचं कांगाव. इथे ५१ ब्रिगेड लढली, तिच्या तिन्ही पायदळ पलटणींचे सीओ (कमांडिंग ऑफिसर) भारतीय होते आणि त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. ८/१९ हैदराबादचे थिमय्या, १६/१० बलुचचे एल. पी. सेन आणि २/२ पंजाबचे थोरात. मेलरोज नावाची टेकडी थोरातांच्या पलटणीने संगिनी लावून घेतली, जपानी लोक बंकरमधून हलत नव्हते, शेवटी हातघाईवर आलं. तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं.

ही तीन नावं लक्षात ठेवा, कारण पुढे १९५९ ते ६२ मध्ये हेच तिघे परत एकाच नकाशावर येतात. थिमय्या लष्करप्रमुख, थोरात ईस्टर्न कमांडचे प्रमुख आणि थोरात गेल्यावर त्यांच्या खुर्चीत सेन.

माझं म्हणणं एवढंच की थोरातांची पदकं सगळे सांगतात पण त्यांनी १९५९-६० मध्ये कागदावर जे काम केलं ते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम आहे. त्यावर सविस्तर खाली लिहितो, आधी तुम्ही लिहा.

गडवाट:
मस्त धागा. कोरियाचं राहिलं की दादा! मला थोरात माहीत झाले ते कोरियामुळेच.

१९५३ मध्ये युद्धबंदी झाली तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणारे हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैदी होते, त्यांचं काय करायचं यासाठी पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला, अध्यक्ष आपले थिमय्या. आणि कैदी सांभाळायला कस्टोडियन फोर्स इंडिया, साधारण सहा हजार माणसं, त्याचे कमांडर मेजर जनरल थोरात. कैदी बावीस हजारांच्या वर. दक्षिण कोरियाच्या सिंगमन ऱ्हींनी तर भारतीय सैनिकाचा पाय आमच्या जमिनीला लागू देणार नाही असं म्हटलं होतं, त्यामुळे आपल्या लोकांना इंचॉनहून हेलिकॉप्टरने उचलून डीएमझेडमध्ये (दोन्ही कोरियांमधला सैन्यविरहित पट्टा) उतरवलं. तिथल्या छावणीचं नाव हिंद नगर.

सप्टेंबरमध्ये चिनी कैद्यांनी आपल्या मेजर ग्रेवाल यांना कंपाउंडच्या आत ओढून नेलं आणि धरून ठेवलं. बाहेर आपले जवान बंदुका रोखून उभे. गोळी चालवली असती तर शेकडो मेले असते आणि ग्रेवालही वाचले नसते, आणि सगळा करारच गुंडाळला गेला असता. थोरात स्वतः आत गेले. चिडलेल्या, घोषणा देणाऱ्या जमावात शिरून त्यांना म्हणाले की चिनी लोक पाहुणचारासाठी प्रसिद्ध आहेत असं ऐकून होतो, इथे मला कोणी साधी सिगरेटसुद्धा विचारली नाही. लोक हसले, सिगरेट आली, चहा आला, बोलणं सुरू झालं आणि ग्रेवालना घेऊन थोरात बाहेर आले. यासाठी त्यांना अशोक चक्र वर्ग २ मिळालं, ज्याला आता कीर्ती चक्र म्हणतात.

मेलरोजवर संगिनी लावून जाणारा माणूस इथे एकही गोळी न झाडता काम करून येतो, हे मला सगळ्यात भारी वाटतं.

मीरा_१७:
+१ गडवाट. आपली पॅराची (पॅराशूट रेजिमेंट) मराठा पलटण पण कोरियाला होती ना? माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, माझा भाऊ आत्ता एनडीएत आहे म्हणून विचारते. लेफ्टनंट जनरलपर्यंत पोचतात म्हणजे नक्की कसं पोचतात? घरी सगळ्यांना वाटतं वर्षं भरली की प्रमोशन मिळत जातं.

तंबूतला:
मीराताई, मी सैन्यातूनच निवृत्त आहे, सांगतो. हो, २ पॅरा (मराठा) तिथे होती.

वर्षं भरली की प्रमोशन हे लेफ्टनंट कर्नलपर्यंतच खरं. कमिशन मिळालं की लेफ्टनंट, २ वर्षांनी कॅप्टन, ६ वर्षांनी मेजर, १३ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल, मधे पार्ट बी, पार्ट डी या खात्याच्या परीक्षा पास व्हाव्या लागतात. त्याच्या पुढे सगळं सिलेक्शन बोर्डावर. कर्नलसाठी नंबर ३ बोर्ड, ब्रिगेडियरसाठी नंबर २, मेजर जनरलसाठी नंबर १ आणि लेफ्टनंट जनरलसाठी स्पेशल सिलेक्शन बोर्ड. बोर्डासमोर नाव नसतं, फाइल असते, म्हणजे इतक्या वर्षांचे एसीआर (साहेबांनी दरवर्षी लिहिलेले गोपनीय अहवाल), कोर्सची ग्रेडिंग, कमांड कुठे केली, पदकं. ज्याला आपण एम्पॅनल होणं, म्हणजे बढतीच्या यादीत नाव लागणं म्हणतो ते इथे होतं. नाही झालात तर आणखी संधी मिळतात, त्यातही नाही झालं तर तुमच्या मागच्या बॅचचा माणूस तुमचा साहेब होऊन येतो आणि तुम्हाला त्याला सॅल्यूट करून तेच काम तितक्याच मनाने करावं लागतं. हे बाहेरच्या लोकांना कळत नाही. बॅचमधले बहुसंख्य चांगले अधिकारी कर्नल किंवा ब्रिगेडियरलाच थांबतात, ते कमी लायक असतात म्हणून नव्हे, वर जागाच नाहीत म्हणून. निवृत्तीचं वय पण पदाप्रमाणे, कर्नल ५४, ब्रिगेडियर ५६, मेजर जनरल ५८, लेफ्टनंट जनरल ६०. लष्करप्रमुख ६२ किंवा तीन वर्षं, जे आधी येईल ते.

भावाला सांगा की वेलिंग्टनचा स्टाफ कॉलेज कोर्स हा पहिला मोठा चाळणीचा टप्पा, त्याची परीक्षा मनापासून द्यायची. पुढे महूचा हायर कमांड कोर्स, मग दिल्लीचं एनडीसी (नॅशनल डिफेन्स कॉलेज). पण फाइल खऱ्या अर्थाने बनते ती पलटणीची कमांड करताना. जवान तुमच्याबद्दल लंगरमध्ये काय बोलतात ते एसीआरमध्ये येत नाही पण पलटणीच्या कामात दिसतंच.

मीरा_१७:
खूप धन्यवाद सर, हे घरी वाचून दाखवते. आईला वाटतं फक्त शौर्य दाखवलं की झालं.

कृष्णाकाठ:
तंबूतला सरांनी फाइलचं सांगितलं तिथूनच पुढे जातो, कारण थोरातांची गोष्ट शेवटी एका फाइलचीच आहे.

१९५७ ला थोरात ईस्टर्न कमांडचे जीओसी-इन-सी, म्हणजे प्रमुख झाले. तेव्हा त्याचं मुख्यालय लखनौला होतं, कलकत्त्याला नंतर १९६३ मध्ये गेलं. कामाचा पसारा बघा, नागा टेकड्यांत बंडखोरी चालू, पूर्व पाकिस्तानची सगळी सीमा, आणि वर नेफा म्हणजे आजचा अरुणाचल, जिथे तोपर्यंत सैन्य नव्हतंच, आसाम रायफल्सच्या चौक्या होत्या. ऑगस्ट १९५९ ला लोंगजूला चिन्यांनी आपल्या चौकीवर हल्ला केला, ऑक्टोबरमध्ये लडाखला कोंगका ला झालं, आणि याच काळात मॅकमोहन रेषेची, म्हणजे नेफा आणि तिबेटमधल्या सीमेची जबाबदारी सैन्याकडे आली.

या दोन घटनांच्या मधेच, ८ ऑक्टोबर १९५९ ला, थोरातांनी नेफाच्या संरक्षणाचा एक आराखडा लिहून आर्मी हेडक्वार्टरला पाठवला. थिमय्यांनी तो पुढे संरक्षणमंत्र्यांकडे नेला. मेनन यांना त्यात निष्कारण भीती पसरवणं वाटलं आणि तो कागद तिथेच बसला. मग मार्च १९६० मध्ये लखनौला थोरातांनी एक्सरसाइज लाल किला घेतली, नकाशावरची सगळी कसरत, चीन आला तर कुठून येईल, किती बळाने येईल, आपल्याकडे काय आहे आणि काय कमी आहे.

त्याचं सार सांगतो, कारण लोक फक्त नाव घेतात. थोरात म्हणत होते की मॅकमोहन रेषेवरच जाऊन लढायचा हट्ट धरू नका. तिथे चिन्यांच्या मागे तिबेटचं पठार आणि रस्ते, आपल्या मागे मात्र उभे डोंगर, खेचरं आणि हमाल. सीमेवर बारीक चौक्या ठेवा, त्यांचं काम शत्रू आला हे सांगणं आणि त्याला थोडा वेळ अडवणं. खरी लढाई मागे, जिथे आपला रस्ता पोचतो आणि त्याची रसद ताणलेली असते, अशा ठिकाणी द्या. नेफाच्या पश्चिमेकडच्या कामेंग भागात बोमडिला हा त्यातला मोक्याचा भाग. आणि हे करायला इतकं सैन्य, इतक्या तोफा, इतके रस्ते लागतील, ते आत्ता नाहीत, हे पण स्पष्ट लिहिलं.

१९६२ ला झालं काय? सरकारच्या फॉरवर्ड पॉलिसीमध्ये चौक्या अजून पुढे ढकलल्या, ब्रिगेडियर दळवींची ७ ब्रिगेड नामका चू नदीच्या खोऱ्यात, वर चिनी आणि खाली आपण अशा जागी नेऊन बसवली, अंगावर थंडीचे कपडे धड नाहीत, तोफा जवळजवळ नाहीत. २० ऑक्टोबरला हल्ला झाला, काही तासांत ब्रिगेड मोडली, दळवी कैद झाले. तवांग गेलं, १८ नोव्हेंबरला से ला ही खिंड गेली आणि लगोलग बोमडिलाही. थोरातांनी जिथे पाय रोवून उभं राहायला सांगितलं होतं तिथे उभं राहायला धड सैन्यच उरलं नव्हतं.

पश्चिमवारा:
धागा चांगला आहे पण थोडं विरोधात बोलतो, राग मानू नका.

पहिलं म्हणजे लष्करप्रमुख नेमताना थोरातांना डावललं हे सगळीकडे असं लिहितात की जणू त्यांची सीनियॉरिटी होती. थापर आणि थिमय्या दोघेही १९२६ च्या फेब्रुवारीचे, थोरात त्याच वर्षी नंतरच्या बॅचचे. म्हणजे मे १९६१ ला जनरल थापर प्रमुख झाले ते सीनियॉरिटीप्रमाणेच झाले. थिमय्यांना थोरात हवे होते, सरकारने सीनियर माणूस घेतला. आपण १९८३ ला जनरल सिन्हांना बाजूला ठेवून वैद्यांना घेतलं तेव्हा सीनियॉरिटी मोडली म्हणून ओरडतो (वैद्य तर आपले अलिबागचे, दोनदा महावीर चक्र), २०१६ ला जनरल रावत यांच्या वेळी पुन्हा ओरडलो, आणि थोरातांच्या वेळी मात्र सीनियॉरिटी का पाळली म्हणून ओरडतो. दोन्ही कसं चालेल?

दुसरं, लाल किला कितीही बरोबर असली तरी रस्ते नव्हते, सैन्य नव्हतं, पैसा नव्हता. थोरात प्रमुख झाले असते तर दीड वर्षात हे सगळं कुठून आणलं असतं?

खडूफळा:
पश्चिमवारा यांचा पहिला मुद्दा अगदी बरोबर आहे आणि तो या धाग्यावर यायलाच हवा होता. मी इतिहास शिकवते, मुलांना पण हेच सांगते की थोरातांच्या बाबतीत 'सुपरसीड' (सीनियर असून डावलणं) शब्द चुकीचा. प्रमुख निवडणं हा सरकारचा अधिकार, आणि लोकशाहीत तो तसाच असायला हवा, शेजारी पाकिस्तानात काय झालं ते आपण बघतोच, १/१४ पंजाबमधूनच निघालेल्या एका अधिकाऱ्याने १९५८ ला सत्ता घेतली.

दुसरा मुद्दा मात्र मला पटत नाही. साधनं कमी होती म्हणूनच तर जागा निवडणं महत्त्वाचं होतं. भरपूर सैन्य असतं तर नामका चूलाही लढता आलं असतं. जे हातात आहे त्यात कुठे लढलो तर टिकू, याचंच उत्तर त्या कागदात होतं. शिवाय त्या काळाचं वातावरण बघा. ऑगस्ट १९५९ च्या शेवटी थिमय्यांनी मेननबरोबरच्या मतभेदांवरून राजीनामा दिला, नेहरूंनी तो मागे घ्यायला लावला, आणि त्यानंतर जेमतेम सव्वा महिन्यात थोरातांचा कागद गेला. संरक्षणमंत्री आणि प्रमुख यांच्यात बोलणं नीट उरलेलं नाही अशा वेळी तो कागद पोचला. दुसऱ्या एखाद्या कमांडरने थोडं थांबून, हवा बघून लिहिलं असतं.

तंबूतला:
ताई, हवा बघून लिहिलं असतं हेच तर आमच्याकडचं खरं दुखणं. मला यावर मनापासून बोलायचंय.

कर्नल झालात की कॉलरवर लाल पट्टी येते आणि त्या दिवसापासून तुमचं मुख्य काम बदलतं. तोपर्यंत तुम्ही हुकूम मिळाला तो पार पाडता. त्यानंतर वरच्याला जे ऐकायचं नाही ते त्याला योग्य भाषेत, योग्य आकड्यांसकट, सही करून सांगणं हे काम असतं. आमच्याकडे त्याला ॲप्रिसिएशन म्हणतात. आणि ते तुम्ही कुणाला सांगता? जो तुमचा रिपोर्ट लिहिणार असतो त्यालाच! पुढच्या बोर्डाला वर्ष-दीड वर्ष उरलंय, आणि तुमच्यासमोर असा कागद आहे ज्याने साहेब नाराज होणार. किती जण सही करतात? मी स्वतः चांगले, लढाईत न घाबरणारे अधिकारी बघितलेत ज्यांचा हात अशा कागदावर थबकतो. थोरात तेव्हा आर्मी कमांडर, वर एकच पद उरलेलं, आणि ते पद देणारा माणूसच तो कागद वाचणार होता. तरी पाठवला. बरं नुसता पाठवला नाही, दाबला गेल्यावर मार्चमध्ये एक्सरसाइज घेऊन तेच परत सगळ्यांसमोर मांडलं.

म्हणून पश्चिमवारा साहेब, ते प्रमुख झाले असते तर जिंकलो असतो का, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि कुणाकडेच नसणार. पण नामका चूला ब्रिगेड नेऊन बसवायच्या हुकमावर त्यांनी निमूट सही केली नसती एवढं त्यांच्या आधीच्या सह्यांवरून मी म्हणू शकतो.

पश्चिमवारा:
हे पटलं सर. सहीचा मुद्दा मी या बाजूने बघितला नव्हता. पण मग सेन यांचं काय? तेही कांगावचे डीएसओ, त्याच ब्रिगेडचे, थोरातांच्याच खुर्चीत बसले. तो कागद त्यांच्या ऑफिसच्या कपाटात असणारच ना.

खडूफळा:
हाच प्रश्न मला पण नेहमी छळतो. सेन काही कच्चे अधिकारी नव्हते, १९४७ ला श्रीनगरजवळ शालटेंगची लढाई त्यांच्याच १६१ ब्रिगेडने जिंकली, काश्मीर वाचलं त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पण १९६२ च्या ऑक्टोबरात नवीन ४ कोअर उभी करून ती थेट कौल यांच्याकडे दिली आणि कौल थेट दिल्लीशी बोलत, त्यामुळे ईस्टर्न कमांड मधल्या मधे राहिली. माणूस चांगला आणि साखळी तुटलेली, असं काहीसं. मला वाटतं सेन यांना सगळा दोष देणं अन्याय होईल, पण त्यांनी जोरात नाही म्हटलं असं काही दिसत नाही.

गडवाट:
आणि लोक म्हणतात ना की भारतीय सेना चीनशी लढूच शकत नव्हती, ते पण खरं नाही. पाच वर्षांनी १९६७ ला सिक्कीममध्ये नथु ला आणि चो ला इथे जनरल सगत सिंग यांच्या हाताखाली आपल्याच लोकांनी चिन्यांना चांगलं उत्तर दिलं. तिथे जागा उंचावरची होती, तोफा होत्या, आणि जागा सोडायची नाही असं ठामपणे ठरवणारा कमांडर होता.

मीरा_१७:
१९६२ नंतर थोरातांचं काय झालं? कोणी विचारलं का त्यांना?

कृष्णाकाठ:
विचारलं, उशिरा. ते मे १९६१ लाच निवृत्त झाले होते. युद्ध चालू असताना नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावून घेतलं. थोरातांनी आत्मचरित्रात लिहिलंय की त्यांनी १९५९ च्या त्या कागदाबद्दल सांगितलं आणि नेहरूंनी विचारलं की हा मला का दाखवला नाही. म्हणजे देशाच्या पंतप्रधानांपर्यंत तो तीन वर्षांत पोचलाच नव्हता! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ नुसता बसून होतो. नोव्हेंबर ६२ ला राष्ट्रीय संरक्षण परिषद नेमली त्यात थिमय्या आणि थोरात दोघांना घेतलं, मेनन तोपर्यंत मंत्रिपदावरून गेले होते, थापर पण पद सोडून गेले आणि जनरल चौधरी लष्करप्रमुख म्हणून आले.

नंतर ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होते. कोल्हापूरला राहिले, १९९२ ला वारले. थिमय्या त्याच्या फार आधी, डिसेंबर १९६५ ला सायप्रसला यूएनच्या कामावर असतानाच गेले.

पश्चिमवारा, तुमच्या सीनियॉरिटीच्या मुद्द्यामुळे धाग्याचं नाव बदलावं का असा विचार करत होतो पण राहू देतो, प्रश्नच आहे तो. वैद्यांवर मात्र वेगळा धागा हवा, १९६५ ला असल उत्तरला त्यांची रणगाडा रेजिमेंट डेक्कन हॉर्स कशी लढली आणि ७१ ला त्यांच्या १६ आर्मर्ड ब्रिगेडने बसंतर नदी कशी ओलांडली यावर कोणीतरी रणगाड्यांतलं कळणारं लिहा. तंबूतला सर, तुम्ही लिहाल का?

तंबूतला:
मी पायदळाचा माणूस, रणगाड्यांवर अधिकाराने लिहू शकणार नाही. एक जुने स्नेही आर्मर्डमधले आहेत, त्यांना मराठीत टाइप करायला जमत नाही, ते बोलतील आणि मी उतरवून घेईन. तोपर्यंत कोणाकडे कामेंगचा उंची दाखवणारा नकाशा असेल तर इथे टाका, तेजपूर, बोमडिला, से ला, तवांग आणि नामका चू एका ओळीत दिसले की थोरात काय म्हणत होते ते मीराताईंच्या भावालासुद्धा पाच मिनिटांत कळेल.

गडवाट:
माझ्याकडे आहे सर, रात्री स्कॅन करून टाकतो.